अंगणातले शंकुफूल

फुलझाडांचा विषय निघाला की आपल्याकडे गुलाबाला पहिला पाट मिळतो. मग मोगरा, शेवंती, निशिगंध अशी पंगत बसते. आज मी ज्या फुलाविषयी बोलणार आहे ते या पंगतीत कधी बसलेले नाही. ते अमेरिकेतले आहे आणि त्याला मराठीत नावही नाही. इंग्रजीत त्याला कोनफ्लॉवर म्हणतात. फुलाच्या मधोमध शंकूसारखा उंचवटा असतो, म्हणून हे नाव. आपण आपले शंकुफूल म्हणू या.

परदेशी फुलाची कथा आम्हाला कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे, की आज महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतला एखादा मुलगा, मुलगी, भाऊ, भाची तिकडे स्थायिक झालेली आहे. उन्हाळ्यात चार-सहा महिने आईवडील त्यांच्याकडे जाऊन राहतात. मुले कामावर, नातवंडे शाळेत. घरापुढे आणि घरामागे ऐसपैस जागा. आणि तिच्यात लावायचे काय, हे मात्र कळत नाही. तुळस आणि कढीलिंब थंडीत घरात घ्यावे लागतात. जास्वंद बाहेर जगत नाही. अशा वेळी त्या मातीचेच एखादे झाड ओळखीचे असलेले बरे. मी शिकवतो भूगोल. वनस्पतिशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. पण माझे थोरले बंधू इलिनॉय राज्यात राहतात आणि त्यांच्या घरी दोन उन्हाळे या झाडाशी माझा चांगला परिचय झाला. भूगोलवाल्याला आवडावे असेच हे झाड आहे. त्याच्या मुळाशी गेले म्हणजे त्या देशाच्या मातीचा इतिहास हाती लागतो.

प्रथम फूल कसे असते ते सांगतो. झेंडू, शेवंती, सूर्यफूल यांच्याच कुळातले हे फूल. या कुळाची गंमत अशी, की आपण ज्याला एक फूल म्हणतो ते खरे पाहता शेकडो फुलांचे संमेलन असते. सूर्यफुलाच्या मधल्या तबकडीत जितक्या बिया, तितकी इवली फुले तिथे होऊन गेलेली असतात. भोवतालच्या पिवळ्या पाकळ्या म्हणजेही एकेक स्वतंत्र फूल. पण त्यांचे काम बहुधा पाहुण्यांना बोलावण्याचे. शंकुफुलात हीच तबकडी वर उचलली जाऊन तिचा घुमट होतो, आणि कडेच्या जांभळट गुलाबी पाकळ्या खाली कलतात. घुमटावर नारिंगी टोकांचे कडक काटे असतात. हाताला ते चांगले टोचतात, बरं का! या काट्यांवरूनच त्याचे शास्त्रीय नाव पडले आहे: एकिनेशिया. ग्रीक भाषेत एकिनोस म्हणजे अंगभर काटे वागवणारा एक छोटा प्राणी, आपल्या साळिंदराची लहान आवृत्तीच म्हणा. १७५३ साली लिनीयसने या झाडाला दुसऱ्याच एका वंशात घातले होते. १७९४ साली मेंख नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने ते वेगळे काढून हे काटेरी नाव दिले.

जवळ बसून पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. घुमटावरच्या काट्यांच्या रांगा सरळ नसतात. काही उजवीकडे वळत जातात, काही डावीकडे. मोजल्या तर त्या बहुधा २१ आणि ३४, नाहीतर ३४ आणि ५५ भरतात. आधीच्या दोन संख्यांची बेरीज करून पुढची संख्या मिळवायची, अशी ही माळ आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत ती फिबोनाची या इटालियन गणित्याच्या नावाने ओळखली जाते. त्याचा ग्रंथ १२०२ सालचा. त्याच्या आधी, ११५० च्या सुमारास, आपल्या हेमचंद्राने मात्रावृत्तांच्या रचना किती होतात हे मोजताना हीच माळ सांगून ठेवली आहे. वृत्तांचा आणि फुलाचा संबंध काय? संबंध काही नाही. पण दोन्हीकडे तीच बेरीज यावी याचे मला नवल वाटते.

शंकुफूल हे नाव तीन वंशांना मिळून चालते. जांभळे एकिनेशिया हा एक. दुसरा रुडबेकिया, त्याच्या पाकळ्या पिवळ्या आणि मधला शंकू काळसर तपकिरी. लिनीयसने हे नाव स्वीडनमधल्या रुडबेक पितापुत्रांच्या स्मरणार्थ ठेवले. तरुणपणी त्याने धाकट्या रुडबेकांच्या मुलांची शिकवणी केली होती. शिकवण्या करून पोट भरणाऱ्या आम्हा मंडळींना ही हकीकत विशेष आवडते. मेरीलँड राज्याने १९१८ साली याच वंशातल्या एका फुलाला राज्यपुष्प केले. तिसरा वंश रॅटिबिडा. त्याचा शंकू लांबोळका, मेक्सिकोतल्या उंच टोपीसारखा. बागेत पहिले दोनच अधिक दिसतात, आणि त्यातही आज मी मुख्यतः जांभळ्याचे बोलणार आहे.

आता हे झाड मूळचे कुठले, ते पाहू. अमेरिकेच्या मध्यभागी प्रेअरी नावाचा गवताळ प्रदेश होता. ‘होता’ असे मी मुद्दाम म्हणतो. एकट्या इलिनॉय राज्यात सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. तिच्यापैकी मूळ स्वरूपात चांगली टिकलेली जमीन आज अडीच हजार एकरांच्या आसपास आहे. माणसाच्या डोक्याहून उंच गवत आणि त्यात शेकडो जातींची फुलझाडे, असे ते रान. वणव्याने वरचा पाला जळून जाई आणि झाडे घुसू पाहत तीही जळत; गवताचा आणि फुलझाडांचा जीव मात्र जमिनीखाली सुरक्षित राही. त्या मुळांनी हजारो वर्षे कुजून कुजून जी काळी माती केली, ती जगातल्या उत्तम मातींपैकी एक. हेच तिच्या नाशाचे कारण झाले. सुरुवातीच्या शेतकऱ्यांच्या ओतीव लोखंडी नांगरांना ती चिकटून बसे. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात पाय जसा भरतो तसा तिथे नांगर भरे. १८३७ साली इलिनॉयमधल्या ग्रँड डिटूर गावी जॉन डीअर या लोहाराने गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर केला आणि माती त्याच्यावरून घसरू लागली. पुढच्या दोन पिढ्यांत प्रेअरी संपली. मक्याची शेते आली. आता तिचे तुकडे राहिले आहेत ते रेल्वेच्या रुळांकडेला आणि जुन्या दफनभूमींत. तेथे नांगर गेला नाही, म्हणून.

तेव्हा तिकडच्या माणसाने अंगणात शंकुफूल लावणे म्हणजे, घर बांधायला ज्याची जागा घेतली त्याला ओसरीवर चार हात जागा परत देण्यासारखे आहे. बागाईत काही भावनेवर होत नाही, हे खरे. म्हणून आता लावणीकडे वळतो.

बी पेरायचे तर उत्तम काळ शरद ऋतूचा, म्हणजे तिकडची पानगळ चालू असताना. या बियांना थंडी आणि ओल एकत्र मिळाली म्हणजे त्या चांगल्या उगवतात. जमिनीत पेरून मोकळे व्हावे. बर्फाखाली त्या राहतात आणि वसंतात वर येतात. शरद ऋतू हुकला तर ओलसर वाळूत बी मिसळून, पिशवीत घालून, महिनाभर शीतकपाटात ठेवावे आणि मग पेरावे. जांभळ्याचे बी पुष्कळदा याच्याशिवायही उगवते. पण अरुंद पानांची जी दुसरी जात आहे, तिला दोन-तीन महिने अशी थंडी हवी. बी खोल पुरू नये. पाव इंचाहून अधिक माती वर नको. उबदार जागी दहा ते वीस दिवसांत कोंब दिसतो.

जागा उन्हाची हवी, दिवसाकाठी सहा तास तरी. एक बारकावा मात्र सांगण्याजोगा आहे. शंकुफूल प्रेअरीचे म्हणतात खरे, पण बागेतले हे जांभळे शंकुफूल उघड्या माळापेक्षा विरळ झाडीच्या कडेला आणि ओलसर कुरणांत अधिक आढळते. त्यामुळे दुपारनंतर थोडी सावली आली तरी ते कुरकुरत नाही. अरुंद पानांची जात मात्र खरी माळावरची. तिचे सोटमूळ पाच फुटांखाली जाते आणि तिला सावली सोसत नाही, तसेच हलवलेलेही खपत नाही. बागेसाठी जांभळीच घ्यावी. तिची मुळे तंतुमय असतात. ती बदलीची नोकरी निमूटपणे करते.

दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवावे. रोप छोटे असताना हे अंतर फार वाटते आणि मधे आणखी एक घुसवण्याचा मोह होतो. तो आवरावा. झाड दोन ते चार फूट वाढते, आणि पानांतून वारा खेळला नाही तर त्यांवर भुरी पडते.

पहिल्या वर्षी फूल येईल अशी आशा धरू नये. इथेच पुष्कळांचा धीर सुटतो. वहिनी मूळच्या सांगलीच्या. घरी कृष्णाकाठचा मळा, हात बागेत मुरलेला. त्यांनी शरदात बी टाकले होते. मी पहिल्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा जमिनीलगत खरखरीत पानांचे झुबके तेवढे दिसत होते. जुलै संपला, ऑगस्ट आला, तरी पुढे काही नाही. एके सकाळी त्या खुरपे घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. “भावजी, चार महिने झाले. पालकासारखी पानं सोडली तर यात काही नाही. हे सगळं काढते आणि दुकानातून फुललेली रोपं आणून लावते.” शेजारी एक वृद्ध बाई राहत, आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी कुंपणापलीकडून खुरपे पाहिले आणि वहिनींना आपल्या वाफ्याजवळ नेले. तिथे त्यांनी एक पहिल्या वर्षाचे रोप मातीसकट उपटून हातावर ठेवले. वर पाच पाने. खाली मुळांचा जुडगा पानांच्या दुप्पट. वहिनींनी ते उलटसुलट करून पाहिले, खुरपे ठेवून दिले आणि म्हणाल्या, “म्हणजे हिचा संसार माजघरात चालू आहे, ओटीवर अजून आली नाही.” दुसऱ्या वर्षी जुलैत त्या वाफ्यात मी एकाच वेळी चाळीस फुले मोजली.

पाण्याच्या बाबतीत मात्र आपल्याकडचा हात आवरावा लागतो. रोज सकाळी झारी फिरवली नाही तर आपल्याला चुकल्यासारखे होते. शंकुफुलाला पहिल्या वर्षी आठवड्याला इंचभर पाणी मिळाले म्हणजे पुरे, आणि पाऊस झाला असेल तर तेही नको. दुसऱ्या वर्षापासून ते बहुतेक स्वतःचे स्वतः पाहते. वहिनींनी एका वाफ्यात रोज पाणी घातले. त्यातली चार रोपे बुडाशी काळी पडून गेली. उणे ३० अंशांची थंडी सोसणारे हे झाड मुळाशी साचलेल्या पाण्याने मरते. म्हणून चिकण माती असेल तर वाफा थोडा उंच करावा, आणि लाकडाच्या भुशाचे आच्छादन घालायचे तर बुंध्यापासून चार बोटे दूर ठेवावे.

खताचेही तसेच. वसंतात कुजलेल्या पाल्याचा पातळ थर दिला की झाले. भारी खत घातले तर झाड उंच, मऊ आणि लोळके होते. मग काठ्या लावा, सुतळ्या बांधा. शिकवणीवर शिकवणी लावलेला विद्यार्थी परीक्षेत जसा कोलमडतो, तसे ते पहिल्या वादळात आडवे होते.

फुले जूनअखेर सुरू होतात आणि ऑगस्टपर्यंत, कधी सप्टेंबरातही, चालतात. घुमटावरची इवली फुले कडेकडून मध्याकडे उमलत जातात. परागाचे पिवळे कडे रोज थोडे वर सरकते. त्यामुळे एकच फूल तीन-तीन आठवडे ताजे दिसते आणि फुलपाखरांना, भुंग्यांना तितके दिवस खाणावळ उघडी राहते. सुकलेली फुले पानाच्या वर कापली तर खालून नवी फुटतात. पण उन्हाळ्याच्या उत्तरार्धात हे कापणे थांबवावे. सुकलेल्या बोंडांवर गोल्डफिंच नावाचे छोटे पिवळे पक्षी येतात आणि उलटेसुलटे लटकून बी काढून खातात. शिस्तीच्या माळ्याला ती काळी बोंडे खुपतात. मला विचाराल तर, बर्फ पडल्यावर त्या काळ्या गोंड्यांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या बसतात ते दृश्य फुलांपेक्षा कमी नाही. काड्या मार्चमध्ये कापाव्यात, आणि अगदी जमिनीलगत न कापता वीतभर ठेवाव्यात. काही एकट्या राहणाऱ्या मधमाश्या अशा काड्यांत घर करतात.

चार वर्षांनी झुबका दाट झाला की वसंतात खणून त्याचे तीन-चार भाग करावेत. शेजाऱ्याला द्यायला ही उत्तम भेट. न विभागता ठेवले तरी झाड मरत नाही, पण मधला भाग दुबळा होतो.

रोगराई फारशी नाही. एक रोग मात्र ओळखता आलाच पाहिजे. फुलाचा रंग जाऊन ते हिरवट होते, आणि घुमटातून पानांसारखे वेडेवाकडे तुरे फुटतात. पाहुण्यांना ते काहीतरी नवीन वाण वाटते! तिकडे याला ॲस्टर यलोज म्हणतात. फायटोप्लाझ्मा नावाचे अतिसूक्ष्म जंतू झाडाच्या रसवाहिन्यांत शिरतात. एक प्रकारचे तुडतुडे रस शोषता शोषता ते या झाडावरून त्या झाडावर नेतात. याला औषध नाही. फूल कापून भागत नाही. झाड मुळासकट उपटून नष्ट करायचे, आणि ते लगेच. वाईट वाटते, पण एकाची दया केली तर पुढच्या उन्हाळ्यात वाफा जातो. मात्र उपटण्याआधी नीट पाहावे. अगदी सूक्ष्म कोळी-किडीनेही घुमटावर असेच तुरे येतात. तिथे विकृती घुमटापुरतीच असते, बाकी झाड निरोगी, आणि फूल कापले की काम होते. जपानी भुंगेरे पाकळ्या कुरतडतात. हा किडा त्या देशात प्रथम १९१६ साली न्यू जर्सीत सापडला आणि तेव्हापासून त्याने बागवानांना सळो की पळो केले आहे. सकाळी थंडीने तो सुस्त असतो. तेव्हा हाताने झटकून साबणाच्या पाण्यात टाकावा. ससे कोवळे कोंब खातात. पहिल्या वसंतात जाळी लावावी.

आता वाणांविषयी थोडे. जुन्या वाणांत मॅग्नस नावाचा स्वीडनमध्ये निवडलेला वाण प्रसिद्ध आहे. त्याच्या पाकळ्या लोंबत नाहीत, आडव्या राहतात. मिसुरी आणि आर्कान्सा या राज्यांतल्या ओझार्क डोंगरांत एक पिवळे एकिनेशिया आहे. जांभळ्यांच्या घराण्यात हा पिवळा कसा निपजला, म्हणून त्याचे नावच पॅराडॉक्सा ठेवले आहे. शिकागोच्या वनस्पती-उद्यानात जिम ऑल्ट यांनी जांभळ्याशी त्याचा संकर घडवला, आणि या शतकाच्या सुरुवातीला पहिले नारिंगी शंकुफूल बाजारात आले. तेव्हापासून शेंदरी, आंबट पिवळा, तांबडा अशा रंगांची आणि दुहेरी पाकळ्यांची नुसती जत्रा भरली आहे. काही फुले तर गोंड्याच्या टोपीसारखी. माझी आवड जुन्या वळणाची आहे, हे मान्य करूनही सांगतो, की दुहेरी फुलांत घुमटावरच्या फुलांच्याच पाकळ्या झालेल्या असतात; मधमाशीला आत शिरायला वाट नाही आणि शिरली तरी पदरात फारसे काही नाही. डेलावेअर राज्यातल्या माउंट क्युबा केंद्रात २०१८ ते २०२० या काळात पुष्कळ वाण शेजारी शेजारी लावून किडे मोजले. दुहेरी फुलांकडे ते कमी फिरकले. खोलीत फुलदाणीसाठी हवी तर दुहेरी लावा. अंगणासाठी एकेरी.

या झाडाच्या मुळाचा औषध म्हणून जो बोलबाला आहे, त्याविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्रेअरीतले लाकोटा, शायेन, पॉनी वगैरे मूळ रहिवासी अरुंद पानांच्या जातीचे मूळ दातदुखीवर, घशावर, सर्पदंशावर वापरत. मुळाचा तुकडा चघळला तर जीभ झिणझिणते आणि बधिर होते, आपल्या अक्कलकाऱ्यासारखी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेब्रास्कातल्या मायर नावाच्या एका जर्मन वैदूने त्याचे औषध करून विकायला सुरुवात केली. ओहायोतल्या नामांकित औषधशास्त्रज्ञांना पटेना, तेव्हा या गृहस्थाने त्यांना कळवले, की मी तुमच्यासमोर खुळखुळ्या नागाकडून चावून घेतो आणि माझ्याच औषधाने बरा होतो. त्यांनी हे आमंत्रण स्वीकारले नाही. पण पुढे औषध चालले, आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतही त्याची लागवड सुरू झाली. जर्मनांनी मागवले अरुंद पानांचे बी आणि हाती आले जांभळ्याचे! म्हणून युरोपातले पुष्कळ संशोधन जांभळ्यावर झालेले आहे. आज पडशावरच्या गोळ्या म्हणून ते दुकानोदुकानी मिळते. पुरावा काय म्हणतो? २०१४ साली कॉक्रन संस्थेने तोवरच्या चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा पडसे बरे करण्याचा ठाम पुरावा आढळला नाही. झाला तर अगदी थोडा उपयोग होत असेल, इतकेच. मुलांना शिंका आल्या म्हणून अंगणातले मूळ उकळून पाजण्याचा उद्योग करू नये. या कुळातल्या फुलांची काहींना ॲलर्जीही असते.

औषधाच्या या हव्यासाने झाडाचे नुकसान झाले. १९९० नंतर मुळांचा भाव चढला आणि लोक माळावर जाऊन रानटी झाडे पोत्यांनी खणून नेऊ लागले, कित्येकदा दुसऱ्याच्या आणि सरकारी जमिनीतून. मूळ काढले की झाड गेले. मोंटाना आणि उत्तर डकोटा या राज्यांना १९९९ साली त्याविरुद्ध कायदे करावे लागले.

टेनेसीच्या शंकुफुलाची हकीकत तर अधिक जिवावरची. नॅशव्हिल शहराच्या आसपास चुनखडीच्या पातळ मातीची, उन्हाने भाजून निघणारी मोकळी रानपट्टी आहे. तेवढ्याच टापूत वाढणारी ही जात. पाकळ्या किंचित वर वळलेल्या. ती नाहीशी झाली असेच शास्त्रज्ञ धरून चालले होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या प्राध्यापिका एल्सी क्वार्टरमन यांना ती पुन्हा सापडली. सापडली ती शहराच्या तोंडाशी. घरांच्या वसाहती पसरत होत्या, आणि ज्या खडकाळ जमिनीचा शेतीला उपयोग नाही ती बांधकामाला पहिली जाई. १९७९ साली तिचे नाव संकटग्रस्त जातींच्या यादीत चढले. त्या यादीतल्या सुरुवातीच्या वनस्पतींपैकी ती एक. मग जमिनी विकत घेऊन राखल्या, बी गोळा करून रोपे केली, नव्या जागी वसाहती वसवल्या. बत्तीस वर्षांनी, २०११ साली, तिचे नाव यादीतून काढता आले. मेली म्हणून नव्हे हं, सावरली म्हणून. अशी नावे थोडी. आज त्या जातीची वाढवलेली रोपे काही रोपवाटिकांत रीतसर मिळतात आणि अंगणात चांगली येतात. माळावरून खणून आणलेले रोप मात्र कोणीही, कितीही स्वस्त दिले तरी घेऊ नये. बी घ्यावे, किंवा कुंडीत वाढवलेले रोप घ्यावे, आणि ते कुठे वाढवले हे विचारावे.

शेवटी आपल्या इकडची गोष्ट. तिकडून परतताना पदराच्या गाठीला किंवा पाकिटाच्या कप्प्यात चार बिया बांधून आणण्याची हौस पुष्कळांना असते. तसे करू नये. परदेशातून बियाणे आणायला परवाना आणि वनस्पतींच्या आरोग्याचा दाखला लागतो. २००३ पासून त्याविषयी केंद्र सरकारचा आदेश आहे. नियम जाचक वाटला तर गाजरगवत आठवावे. तेही अमेरिकेचेच, आणि याच सूर्यफुलाच्या कुळातले. १९५५ साली पुण्याच्या परिसरात ते प्रथम नजरेस आले, आणि पुढे देशभर काय झाले ते कुठल्याही पडीक जमिनीवर पाहून घ्यावे.

शिवाय जांभळ्या शंकुफुलाला थंडीची जी विश्रांती लागते, ती आपल्या पठारावर मिळत नाही, आणि पावसाळ्यातले साचलेले पाणी त्याचा वैरी. ज्यांना हौसच असेल त्यांनी त्याचा पिवळा चुलतभाऊ, रुडबेकिया, लावावा. त्याचे बी आपल्याकडच्या बियाण्यांच्या दुकानांतून हंगामी फुलांत मिळते. पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या सुरुवातीला पन्हेरीत टाकावे, चार-पाच पाने झाली की आठ इंची कुंडीत एकेक रोप लावावे, आणि भरपूर ऊन द्यावे. फेब्रुवारीपासून काळ्या डोळ्यांची पिवळी फुले येऊ लागतात. एप्रिलच्या उन्हात झाड थकते. बी धरायचे असेल तर शेवटची दोन-तीन फुले न तोडता झाडावरच वाळू द्यावीत. शंकू हाताने चुरला की बारीक काळे बी निघते. ते सावलीत सुकवून, कागदाच्या पुडीत बांधून, पुडीवर साल लिहून ठेवावे.